भिंतीजवळचा नियम आणि त्याची उपाधी

या मालेत आपण 'निसर्गनियम' हा शब्द निरनिराळ्या बाजूंनी तपासून पाहतो आहोत. आजवरची उदाहरणं बहुतेक मोठ्या घराण्यातली होती, म्हणजे गुरुत्वाकर्षण, उष्मागतिकी वगैरे. आज जरा साध्या घरात जाऊ. नळातून पाणी वाहतं, विमानाच्या पंखावरून हवा वाहते, जहाजाच्या तळाखालून समुद्र सरकतो. या सगळ्यांत प्रवाह एखाद्या भिंतीला घासून जातो आणि बहुतेक वेळा तो शांत नसतो, खळबळता असतो. त्या खळबळीत भिंतीपासून किती अंतरावर सरासरी वेग किती असतो, हे सांगणारा एक नियम आहे. इंजिनिअरिंगच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात तो 'भिंतीचा नियम' किंवा 'लॉग नियम' या नावाने सापडतो. आज त्याची परीक्षा.

आमचं शिक्षण तत्त्वज्ञानाचं. द्रवगतिकीची समीकरणं सोडवणं हा आमचा धंदा नव्हे. पण युक्तिवाद कसा रचला आहे, त्यात गुपचूप काय गृहीत धरलं आहे, आणि जो पुरावा दिला जातो तो नेमका त्याच विधानाचा आहे का, हे पाहणं मात्र आमच्याच धंद्यात मोडतं. आजची टीका त्या अंगाने. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाट चुकणार नाही. हा नियम खोटा नाही. पण एक ठरलेला स्थिरांक, एक ठरलेली सीमा आणि वर 'सार्वत्रिक' हे विशेषण, अशा ज्या थाटात तो छापला जातो, तो थाट त्याने कमावलेला नाही. त्याला एक अट आहे, आणि ती अट फार वर्षं झाकलेली राहिली.

आधी वस्तू समजून घेऊ. नदीच्या काठाशी पाणी संथ आणि मध्ये धार, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. भिंतीला अगदी चिकटलेलं पाणी हलतच नाही, तिथे वेग शून्य. तिथून आत जाऊ तसा वेग वाढतो, आधी झपाट्याने, मग सावकाश. १८८३ साली मँचेस्टरला ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी काचेच्या नळीत रंगाची बारीक धार सोडून दाखवलं, की प्रवाह सरळ रेषेत वाहणार की खळबळणार हे एकट्या वेगावर ठरत नाही. वेग, नळीची रुंदी आणि द्रवाचा चिकटपणा यांतून तयार होणाऱ्या एका आकड्यावर ते ठरतं. त्याला एकक नाही. त्यालाच आज आपण रेनॉल्ड्स अंक म्हणतो. अंक लहान असेल तर चिकटपणाचं राज्य, मोठा असेल तर खळबळीचं.

आता दुसरी गोष्ट, मोजपट्टीची. भिंतीजवळ मिलिमीटर ही मोजपट्टी कामाची नाही. प्रवाह भिंतीला जितक्या जोराने घासतो, त्यावरून एक वेग काढतात, त्याला घर्षणवेग म्हणू. चिकटपणाला या घर्षणवेगाने भागलं की एक लांबी मिळते, ती भिंतीची स्वतःची मोजपट्टी. पंचवीस मिलिमीटरच्या गुळगुळीत नळातून सेकंदाला एक मीटर वेगाने पाणी जात असेल, तर हे एकक साधारण मिलिमीटरच्या पन्नासाव्या-पंचावन्नाव्या भागाएवढं येतं. म्हणजे भिंतीपासून नळाच्या मध्यापर्यंत अशी सुमारे ७०० एककं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो साक्षीला येणार आहे.

नियमाचा इतिहास थोडक्यात. १९१३ साली ब्लाझियस यांनी गुळगुळीत नळ्यांतल्या घर्षणाचं सूत्र दिलं: घर्षणाचा गुणांक रेनॉल्ड्स अंकाच्या पाव घाताच्या प्रमाणात कमी होतो. त्यातून प्रांटल आणि फॉन कार्मान यांनी वेगाचं सूत्र काढलं: वेग अंतराच्या एक-सप्तमांश घाताप्रमाणे वाढतो. सुटसुटीत सूत्र, मोजमापांशी जुळणारं. अडचण एवढीच, की ते मोजमापांच्या पलीकडे नेलं की फसतं. आपणच हिशेब करून पाहू. रेनॉल्ड्स अंक एक लाख असताना ब्लाझियसचं सूत्र ०.०१७८ देतं आणि नंतरचं लॉगचं सूत्र ०.०१८०. फरक नगण्य. अंक एक कोटीवर न्या. ब्लाझियस म्हणतो ०.००५६, लॉग म्हणतो ०.००८१. आता फरक तीस टक्क्यांचा. प्रयोगशाळेतली नळी लाखातली असते, जहाज आणि विमान कोटी आणि अब्जातले. नियम चुकीचा निवडला तर इंजिनाची ताकद चुकते आणि जळणाचा हिशेब चुकतो. एवढं या वादात पणाला लागलेलं आहे.

ग्योटिंगेनला योहान नीकुराड्झे यांनी १९३२ साली नळ्यांची जी मोजमापं प्रसिद्ध केली, त्यांत ही गोष्ट स्पष्ट दिसते. रेनॉल्ड्स अंक चार हजार असताना घातांक एक-षष्ठांशाजवळ. लाखाच्या आसपास एक-सप्तमांश. बत्तीस लाखांवर एक-दशांश. म्हणजे घातांक जागेवर बसायला तयार नाही. कार्मान यांनी १९३० साली आणि प्रांटल यांनी त्याच सुमारास यावर जो तोडगा काढला तो लॉगचा: वेग अंतराच्या घाताप्रमाणे नाही, अंतराच्या लॉगॅरिदमप्रमाणे वाढतो. अंतर दहापट झालं की वेगात ठरावीक भर पडते, पुन्हा दहापट झालं की पुन्हा तेवढीच. त्या वाढीचा दर ठरवणारा स्थिरांक म्हणजे कार्मानचा स्थिरांक, ग्रीक अक्षर काप्पा. पुस्तकात किंमत ०.४ किंवा ०.४१. कार्मान हे प्रांटल यांचेच विद्यार्थी, आणि या प्रश्नावर गुरुशिष्यांत चुरस लागलेली होती. ती कथा रंजक आहे, पण आज आपला विषय युक्तिवादाचा.

सर्वांत देखणा युक्तिवाद आला तो १९३८ साली, क्लार्क मिलिकन यांचा. हे नोबेल मिळवलेल्या रॉबर्ट मिलिकन यांचे चिरंजीव. युक्तिवाद असा. भिंतीजवळच्या प्रवाहाला फक्त भिंतीची मोजपट्टी कळते. नळी किती रुंद आहे हे त्याच्या गावीही नसतं. नळीच्या मध्याजवळच्या प्रवाहाला नळीची रुंदी कळते, पण तिथे चिकटपणाला कोणी विचारत नाही. रेनॉल्ड्स अंक पुरेसा मोठा असेल तर या दोन प्रदेशांच्या मध्ये एक पट्टा असा असेल, की तिथे दोन्ही वर्णनं एकाच वेळी खरी असतील. एकच वेग, दोन मोजपट्ट्या. दोन्ही वर्णनं एकमेकांशी जुळवायला लागलो की गणित एकच वाट मोकळी ठेवतं, ती लॉगची. ना मिश्रणाच्या लांबीसारखी कल्पना, ना खळबळीचं चित्र. केवळ जुळणीच्या अटीतून नियम निघाला.

अशी सिद्धता पाहिली की तत्त्वज्ञानाच्या माणसाला आनंद होतो आणि लगेच संशयही येतो. इतक्या थोड्या भांडवलावर इतका मोठा नफा? मग भांडवल कुठेतरी लपलेलं असणार. ते लपलंय एका वाक्यात: 'तिथे चिकटपणाला कोणी विचारत नाही.' हे सिद्ध केलेलं नाही, मानलेलं आहे. मानायला कारणं चांगली आहेत, पण मानलेलं ते मानलेलंच.

इथे आपल्याकडच्या नैयायिकांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 'जिथे धूर तिथे अग्नी' ही व्याप्ती टिकते. उलटी करा: 'जिथे अग्नी तिथे धूर.' ही टिकत नाही. लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा घ्या. अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीत धूर का दिसतो? कारण जळण ओलं आहे. हे ओलं जळण म्हणजे त्या व्याप्तीची उपाधी. ज्याने आयुष्यभर ओल्या लाकडांचीच चूल पाहिली, त्याला उलटी व्याप्तीही शंभर टक्के खरीच वाटणार. त्याचं निरीक्षण चुकीचं नसतं. त्याच्या निरीक्षणांत कोरडं लाकूडच आलेलं नसतं. लॉग नियमाला अशी काही उपाधी आहे का, हा आपला प्रश्न.

तो प्रश्न १९९३ साली जोरात विचारला गेला. विचारणारे ग्रिगोरी बारेनब्लाट, कोल्मोगोरोव यांच्या परंपरेतले रशियन गणिती. पुढे बर्कलीला अलेक्झांडर कोरिन यांच्याबरोबर त्यांनी हा वाद बरीच वर्षं चालवला. त्यांचं म्हणणं सोपं करून सांगतो. एखादी राशी खूप मोठी किंवा खूप लहान झाली की तिचा प्रभाव संपतो, असं आपण सहज मानतो. पण प्रभाव संपण्याचे दोन प्रकार आहेत. एकात तो खरोखर संपतो. दुसऱ्यात राशी स्वतः दिसेनाशी होते, पण घातांकाच्या रूपाने मागे राहते. घरातला म्हातारा गेला, तरी वीस वर्षांनी त्याचाच शब्द घरात चालतो, तसं. पहिल्याला ते पूर्ण समरूपता म्हणतात, दुसऱ्याला अपूर्ण. मिलिकन यांनी पहिला प्रकार धरला. दुसरा का नाही? दुसरा धरला तर लॉग मिळत नाही, घाताचा नियम मिळतो, आणि त्यातला घातांक रेनॉल्ड्स अंकाबरोबर हळूहळू बदलतो.

बारेनब्लाट यांनी घातांक दिला तो असा: दीड भागिले रेनॉल्ड्स अंकाचा नैसर्गिक लॉग. चार हजारांवर तो ०.१८ येतो, लाखावर ०.१३, बत्तीस लाखांवर ०.१०. मघाचे नीकुराड्झे यांचे आकडे आठवा. घातांक जागेवर बसत नाही म्हणून जो नियम टाकून दिला, तो न बसणं हाच त्याचा स्वभाव आहे असं म्हणून त्यांनी परत आणला. अडचणीलाच सिद्धान्त केलं. हा डाव चतुर आहे, आणि त्यात आणखी एक टोला आहे. प्रत्येक रेनॉल्ड्स अंकासाठी एक, अशा या घातवक्रांचं सगळं कुटुंब एकाच कागदावर काढलं, तर त्या सगळ्यांना बाहेरून स्पर्श करणारी एक रेषा तयार होते. ही रेषा लॉगचीच असते आणि तिचा काप्पा ०.४२५, म्हणजे पुस्तकातल्या आकड्याच्या अगदी शेजारचा. प्रत्येक वक्र तिला एका ठिकाणी शिवतो आणि पुढे निघून जातो. म्हणजे वेगवेगळे प्रयोग एकावर एक ठेवून पाहिले की लॉग दिसतो, आणि एकेक प्रयोग सुटा पाहिला की कुठेच नसतो. हे खरं असेल तर साठ वर्षांची आलेखांची परंपरा गर्दीला माणूस समजत होती.

आता दोन्ही पक्षांची झाडाझडती.

पहिली हरकत आलेखांवर, दोन्ही बाजूंच्या. लहान घातांकाचा घात आणि लॉग हे दिसायला इतके सारखे, की डोळ्याने निवाडा करणं अवघड. हिशेब करू. भिंतीपासून १०० एककांवर लॉग नियम वेगाला १६.५ देतो, १००० एककांवर २२.३. या दोन टोकांतून जाणारा घाताचा वक्र काढा, घातांक ०.१३ येतो. मध्ये, ३१६ एककांवर, दोघांत फरक किती? लॉग म्हणतो १९.४, घात म्हणतो १९.२. एक टक्का. दहापट अंतरात जास्तीत जास्त फरक एक टक्का! आणि पिटो नळीने भिंतीजवळ वेग मोजताना ज्या दुरुस्त्या कराव्या लागतात, त्या याच मापाच्या असतात. मग 'मोजमापं आमच्या वक्रावर सुंदर बसतात' या वाक्याला पुरावा म्हणून किंमत किती? दोन्ही पक्षांनी हे वाक्य भरपूर वापरलं आहे. जो पुरावा दोन्ही पक्षांना सारखाच पावतो, तो कोणाचाच पुरावा नसतो.

दुसरी हरकत बारेनब्लाट यांच्या पक्षावर. त्यांच्या सूत्रातले आकडे फार गोंडस आहेत: तीनच्या वर्गमुळाने भागलेला एक, अडीच, दीड. वाचणाऱ्याला वाटतं, की हे कुठल्यातरी खोल तत्त्वातून निघाले असणार. पण ते नीकुराड्झे यांच्याच जुन्या मोजमापांवर बसवून घेतलेले आहेत. सूत्राचा साचा युक्तिवादातून आला, आकडे मोजमापांतून आले, आणि मग तीच मोजमापं साक्षीला उभी केली, तर त्या साक्षीचं वजन फार धरता येत नाही. वजन तेव्हा, जेव्हा नवा साक्षीदार येतो.

नवा साक्षीदार आला प्रिन्सटनहून. तिथली 'सुपरपाइप': साधारण तेरा सेंटिमीटर व्यासाची नळी, आत पाण्याऐवजी हवा, आणि ती हवा वातावरणाच्या जवळजवळ दोनशे पट दाबाखाली. दाबल्यामुळे हवा जड होते पण चिकटपणा फारसा वाढत नाही. रेनॉल्ड्स अंक एकतीस हजारांपासून साडेतीन कोटींपर्यंत. झागारोला आणि स्मिट्स यांनी १९९८ साली सविस्तर निष्कर्ष दिले. ते असे: लॉग आहे, काप्पा ०.४३६. पण लॉगचा पट्टा भिंतीपासून ६०० एककांनंतर सुरू होतो आणि नळीच्या त्रिज्येच्या सात टक्क्यांवर संपतो. त्याच्या आत, साधारण ६० ते ५०० एककांच्या पट्ट्यात, घाताचा नियम जास्त चांगला बसतो!

यावर दोन्ही पक्ष काय म्हणाले पाहा. बारेनब्लाट आणि कोरिन म्हणाले, की रेनॉल्ड्स अंक दहा लाखांच्या वर गेल्यावर ही नळी गुळगुळीत उरत नाही, पृष्ठभागाचा खरखरीतपणा डोकं वर काढतो, म्हणून ती मोजमापं आमच्या विरुद्ध धरू नका. गैरसोयीचा साक्षीदार नाकारण्याचा हा प्रकार झाला, आणि इम्रे लाकाटोश यांनी वर्णन केलेला सिद्धान्ताभोवतीचा 'संरक्षक पट्टा' तो हाच. पण न्यायाने हेही सांगितलं पाहिजे, की ही पळवाट बंद नव्हती. खरखरीतपणा मोजता येतो, पिटो नळीच्या दुरुस्त्या पुन्हा तपासता येतात, आणि प्रिन्सटनच्या गटाने ते काम पुढे केलंही. २००४ साली दुरुस्त्या नव्याने लावल्यावर काप्पा ०.४३६ वरून ०.४२१ वर उतरला. हरकत घेणारे सगळे बरोबर नसतील, पण त्यांच्या हरकतीमुळे मोजमाप सुधारलं.

लॉगचा पक्षही धुतल्या तांदळासारखा नाही. पुस्तकात लॉगचा पट्टा ३० एककांपासून सुरू होत असे. आता तो ६०० पासून. मघाचा आपला घरचा नळ आठवा, भिंतीपासून मध्यापर्यंत एकूण ७०० एककं. सात टक्के म्हणजे ४९. पट्टा सुरू होणार ६०० वर आणि संपणार ४९ वर! म्हणजे या निकषाने घरच्या नळात लॉगचा पट्टाच नाही. तो निर्माण व्हायला त्रिज्या किमान साडेआठ हजार एककांची लागते. आणि तरीही पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांनी असल्याच नळ्यांत लॉगची सरळ रेषा काढून गुण मिळवले. रेषा खोटी नव्हती, ती जवळपास बसतेच, पण तिचं कारण पुस्तकात दिलेलं नव्हतं. नियम वाचला, पण राज्य आक्रसून. असं आक्रसणं पाप नव्हे. ते न सांगणं मात्र आहे.

तिसरी हरकत आमच्या मते सर्वांत गंभीर, आणि ती नळीबाहेरची आहे. नळीत भिंतीवरचं घर्षण स्वतंत्रपणे कळतं. दोन ठिकाणचा दाब मोजला की घर्षण निघालं, वेगाच्या आलेखाकडे पाहावंही लागत नाही. पण विमानाच्या पंखावर किंवा सपाट पाटावर, म्हणजे ज्याला सीमास्तर म्हणतात तिथे, ही सोय नाही. मग काय करत? १९५४ साली क्लाउझर यांनी एक सोयीची पद्धत रूढ केली. वेगाचा आलेख घ्यायचा, लॉग नियम खरा आणि काप्पा माहीत असं धरायचं, आणि आलेख त्या रेषेवर बसेल असा घर्षणवेग निवडायचा. पद्धत झटपट, हजारो ठिकाणी वापरली गेली. आता ओळखा, असा काढलेला घर्षणवेग वापरून आलेख काढला, की तो कुठल्या रेषेवर बसेल? नैयायिक याला अन्योन्याश्रय म्हणतात. अ खरा का, तर ब म्हणतो म्हणून, आणि ब खरा का, तर अ म्हणतो म्हणून. अशा आलेखांची शंभर पानं एकत्र केली तरी पुरावा एका पानाचाही होत नाही. ज्यांनी ही पद्धत फक्त घर्षणाचा अंदाज घ्यायला वापरली त्यांचा दोष नाही. पण तेच आलेख पुढे 'नियमाची सार्वत्रिकता' म्हणून मांडले गेले, तिथे तर्क घसरला.

हे वर्तुळ तोडायचा मार्ग एकच: घर्षण थेट मोजणं. इथे एक नाव आपल्या जवळचं आहे. इस्रोचे अध्यक्ष म्हणून ज्यांना देश ओळखतो, ते सतीश धवन. कॅलटेकला १९५१ साली पूर्ण झालेलं त्यांचं डॉक्टरेटचं काम याच विषयातलं होतं: पृष्ठभागाचा एक छोटा तुकडा सुटा, तरंगता ठेवायचा आणि प्रवाह त्याला किती ओढतो ते थेट मोजायचं. कोणताही नियम आधी मानायचा नाही. पुढे तेलाच्या पातळ थरावरच्या प्रकाशपट्ट्यांवरून घर्षण काढण्याची रीत आली. ऑस्टरलुंड आणि त्यांचे सहकारी यांनी २००० साली तेलाच्या पद्धतीने घर्षण स्वतंत्र मोजून सीमास्तराचा काप्पा काढला. तो ०.४१ आला नाही, ०.३८ आला. पुस्तकातला आकडा इतकी वर्षं हलला नाही, याचं एक कारण हे, की बऱ्याच ठिकाणी तो मोजणाऱ्या यंत्रातच बसवलेला होता.

मग आज काय उभं आहे? २०१३ साली मारुसिक आणि सहकाऱ्यांनी मोठ्या रेनॉल्ड्स अंकांची मोजमापं एकत्र तपासली, त्यांत प्रिन्सटनची नळी होती, मेलबर्नचा बोगदा होता आणि युटाच्या वाळवंटातला वाराही होता. लॉग टिकला. काप्पा ०.३९, अधिक-उणे ०.०२. आणि पट्ट्याची सुरुवात ठरलेल्या आकड्यावर नाही, तर रेनॉल्ड्स अंकाबरोबर सरकणारी: घर्षणवेगावरून काढलेल्या रेनॉल्ड्स अंकाच्या वर्गमुळाच्या तिप्पट. बघा, चिकटपणा पट्ट्यातून गेला, पण पट्टा कुठे सुरू होणार हे तोच ठरवतो. म्हातारा पुन्हा दारात उभा. दुसरीकडे नागिब आणि चौहान यांनी २००८ साली दाखवलं होतं, की नळी, सपाट मार्ग आणि सीमास्तर यांचा काप्पा वेगवेगळा येतो. ०.०२ च्या त्या सीमेत हा फरक मावतो की उरतो, यावर तज्ज्ञांत एकमत नाही.

आता निवाडा. घाताचा नियम लॉगच्या जागी बसू शकला नाही. मोठ्या अंकांच्या दिशेने जावं तसं पारडं लॉगकडे झुकतं, आणि मिलिकन यांचा युक्तिवाद त्या टोकाला खरा ठरताना दिसतो. पण तो युक्तिवाद अनंताबद्दल आहे, आणि जगातली प्रत्येक नळी सांत आहे. 'रेनॉल्ड्स अंक पुरेसा मोठा' हे चार शब्द ही लॉगची उपाधी, त्याचं ओलं जळण. 'पुरेसा' म्हणजे किती, हे पन्नास वर्षं कोणी नीट विचारलं नाही, कारण आलेख छान दिसत होते. ते विचारायला लावलं बारेनब्लाट यांनी. उत्तर त्यांचं टिकलं नाही, पण प्रश्न टिकला. ज्ञानाच्या व्यवहारात अशा माणसाचं ऋण मान्य करावं लागतं.

आणि उपाधी सांगितल्याने नियम लहान होत नाही. नैयायिकांनीही सोपाधिक व्याप्ती फेकून दिली नाही. त्यांनी उपाधी नीट उच्चारली आणि म्हटलं, की आता 'जिथे ओलं जळण असलेला अग्नी, तिथे धूर' हे विधान निर्दोष झालं. आमची तक्रार लॉगशी नाही. जे पुस्तक ०.४१ आणि ३० हे दोन आकडे छापतं आणि ते कुठल्या अटीत मिळाले हे सांगत नाही, त्या पुस्तकाशी आहे. असं पुस्तक विद्यार्थ्याला नियम शिकवत नाही, विश्वास शिकवतं.

इथे थांबतो. एक प्रश्न घेऊ.

प्रश्न: सर, तत्त्वतः पटलं. पण काम करणाऱ्या इंजिनिअरने काय करायचं? त्याला एक आकडा हवा असतो.

उत्तर: चांगला प्रश्न. आकडा घ्यावा, पण अटीसकट घ्यावा. आपल्याकडचं उदाहरण घेऊ. जमीन हीसुद्धा भिंतच, आणि वारा तिच्यावरून वाहणारा खळबळता प्रवाह. सातारा जिल्ह्यात चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. समजा वारा दहा मीटर उंचीवर मोजला आहे आणि चक्कीचा मध्य ऐंशी मीटरवर आहे. तिथला वारा काढायला दोन्ही सूत्रं वापरात आहेत. एक-सप्तमांश घात म्हणतो, वारा १.३५ पट. लॉगमध्ये जमिनीचा खडबडीतपणा घालावा लागतो. मोकळ्या गवताळ जमिनीची तीन सेंटिमीटर ही नेहमीची किंमत घातली तर १.३६ पट, म्हणजे दोघांत भांडण नाही. पण झाडझाडोरा आहे म्हणून दहा सेंटिमीटर घातले, की १.४५ पट. फरक किरकोळ वाटतो, पण वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. एक हिशेब २.४ पट सांगतो, दुसरा ३ पट. पाव भागाचा फरक! त्यात पुन्हा ही सूत्रं सपाट जमिनीची, आणि दुपारी तापलेली किंवा रात्री गार पडलेली जमीन नसेल तेव्हाची. पठाराच्या कड्यावर यांतली एकही अट धड पाळली जात नाही. म्हणून शहाणा इंजिनिअर उंच मनोरा उभारून प्रत्यक्ष ऐंशी मीटरवर मोजतो. सूत्र त्याला मोजमापाची जागा दाखवतं, मोजमापाची जागा घेत नाही. एवढं ज्याला कळलं, त्याला नियम कळला असं आम्ही म्हणू.